होडी दर्यात असताना

पत्र्याला पाठ लावून मालन बोंबील जोडत होती. एकाचा जबडा उघडायचा, दुसऱ्याचा त्यात अडकवायचा, अन् जोडी दोरीवर टाकून द्यायची. एक इकडे लोंबला, एक तिकडे. त्या बारीक दातांची बोटांना सवय झालेली. तरी थंडीत कातडी फुटतेच, आणि फुटलेल्या कातडीत मिठाचं पाणी शिरलं की हात मनगटापासून काढून बाजूला ठेवावेसे वाटतात. दोरी होती मांडवाची. ठिय्या धरायला बायकांनी जुनी जाळी आणि ताडपत्री ताणून मांडव घातला होता, आणि खांबाखांबांतून दोऱ्या ओढून तिथंच वाळवणही टाकलं होतं. बसायचंच आहे तर हात रिकामे का ठेवा?

तिची खरी जागा पत्र्यापलीकडे होती. सासूने राखली, मग हिच्या हाती दिली. दिवाळीचे दिवे पुरते विझले नव्हते तोच एका सकाळी ट्रक आला, निळे पत्रे उतरले, आणि दुपारपर्यंत सगळं मैदान झाकून गेलं. बायकांनी रोवलेले बांबू उपटून कोपऱ्यात रचून ठेवले. कागदावर म्हणे लिहिलं होतं की ही जागा पडीक आहे, तिचा कुणी वापर करत नाही. समोरच्या टॉवरवाल्यांच्या गाड्यांना ती द्यायची.

"पडीक?" शेजारची राधाबाई त्या दिवशी हात ओवाळून म्हणाली होती, "माजी कंबर पडलीय तिथं वाकून वाकून. ती नाय दिसली मेल्यांना?"

मच्छीमार नगरात होड्या पुष्कळ, पण वाळवायची जागा एवढीच. ओला बोंबील संध्याकाळपर्यंत टिकत नाही. वाळला तर घर चालतं, नाहीतर आणला तसा खताला जातो. मालनच्या घरची होडी तिचा नवरा भिवा आणि मुलगा राकेश चालवत. दोघं काल पहाटे गेले होते. शनिवारी यायची बोली होती, आणि होडी भरून आलीच तर ते म्हावरं कुठे टाकायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. जाताना भिवा एवढंच म्हणाला, "तवर बगा तुमी बायका काय जमतंय."

जमत काहीच नव्हतं. बायका पाळीपाळीने बसत, उन्हाने काळवंडत, आणि टॉवरमधले लोक नाकाला रुमाल लावून गाड्या पुढे काढत. मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी मनमोहनभाऊ रोज कुणाला तरी फोन लावत. मोठ्या चॅनेलवाल्यांनी "बघतो" म्हणून सांगितलं, पेपरवाल्यांनी फोटो पाठवा म्हटलं आणि छापला नाही. सोमवारी मोठे साहेब जागेची पाहणी करायला येणार होते. त्याआधी चार लोकांपर्यंत बातमी गेली नाही तर साहेब पत्र्याच्या बाहेरूनच परत जातील, असं मनमोहनभाऊंचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं.

शेवटी स्कूटरवरून हितेंद्र आला. गिरगावातला पोरगेला माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात काठीला लावलेला मोबाईल. 'किनारा लाईव्ह' नावाचं त्याचं चॅनेल मोबाईलवरच दिसायचं. मांडव, दोऱ्या, पत्रे सगळं त्याने फिरून टिपलं, राधाबाईला बोलतं केलं, मनमोहनभाऊंची बाइट घेतली. आणि मग वाळवणाच्या सावलीत उकिडवा बसून तो खरं ते बोलला.

"भाऊ, हे असं नाही चालणार. माहिती कोण बघतं? लोक थांबले पाहिजेत." त्याने मान वळवून मालनकडे पाहिलं. तिचा उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावरचं मोठं कुंकू, मिठाने पांढरे पडलेले हात. "मावशी, तुम्ही बोला ना. पत्र्याला हात लावून बसा. आमच्या पोटावर पाय आणला म्हणा, आणि... थोडं रडलात ना, तर बघा कसं जातंय. हात जोडून सांगतो, एक मिनिट फक्त."

"बोलते की," मालन म्हणाली. "रडणार नाय."

"का?"

"नाय रडत."

"अहो मावशी, खोटं कुठे आहे? वाईट नाही वाटत तुम्हाला?"

मालनने जबडे अडकवले, जोडी दोरीवर टाकली. होडी बाहेर आहे, हे त्या पोराला कसं सांगायचं? तिची सासू सांगून गेली होती: घरचा माणूस दर्यात असताना बाईने केस सोडू नयेत, दिवेलागणीला एकवीरेपुढचा दिवा चुकवू नये, आणि डोळ्याला पाणी आणू नये. दर्याला रडणं ऐकू जातं. त्याला वाटतं, रडणं आधीच आलंय, मग आपण त्याचं कारण पाठवायला हवं. लग्न होऊन आल्यापासून मालनने हे तिन्ही नेम पाळले. ताप असला तरी, आई वारली त्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी ती होडी धक्क्याला लागेपर्यंत सुक्या डोळ्यांनी बसून होती, अन् माहेरची माणसं तिला दगड म्हणाली होती.

"ऱ्हाऊ दे रे," राधाबाई मध्ये पडली. तिलाही नेम ठाऊक होता. "तिच्याकडून रडणं काय मागतोस? आमी साहेबाचा बंदोबस्त केलाय. सोमवारी आला का ह्यातला एक लांबडा बोंबील त्याच्या गळ्यात बांधायचा. टाय म्हणून!"

राधाबाईने हातातला बोंबील स्वतःच्या गळ्याशी धरला, मान ताठ केली आणि साहेबासारखी चालून दाखवली. मांडव हसला. मालनला तर हसू आवरेना. तोंडाला पदर लावायला हात ओले, म्हणून तशीच मान मागे टाकून ती पोटभर हसली. होडी बाहेर असताना हसायला बंदी नव्हती. उलट सासू म्हणायची, हसत राहा गो, दर्याला घरात काय कमी नाय असं वाटू दे.

हितेंद्रचा मोबाईल चालूच होता.

*

त्याच्या मनात वाईट नव्हतं. रडणारी बाई मिळाली नाही, हसणारी मिळाली. त्याने खाली कोळीगीतासारखी चाल लावली, 'लढतानाही हसणारी आमची मावशी' असं लिहिलं आणि टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी ते कुणीतरी उचललं, चाल काढून टाकली आणि वर लिहिलं: 'आंदोलन की पिकनिक?' मग ते गेलं. जायला पाहिजे होतं तसं गेलं.

मालनकडे साधा फोन. तिला कळलं ते सुकी पाटी घेऊन ती मागच्या इमारतीत गेली तेव्हा. तिथल्या बाई सोडे नेहमी तिच्याकडूनच घ्यायच्या. दार उघडल्या उघडल्या त्या हसल्या.

"काय हो, बघितलं तुम्हाला! मज्जा चाललीय तिकडे."

"कुठं?"

बाईंनी मोबाईल पुढे धरला. मालनने स्वतःचा उघडा जबडा पाहिला, पडलेले दोन दात पाहिले, आणि गळ्याशी बोंबील धरून मिरवणारी राधाबाई. खाली लोकांनी लिहिलं होतं. बाईंनीच वाचून दाखवलं, चिडवायला म्हणून नव्हे, सहजच. रोजंदारीवर आणलेल्या बायका. फुकटची जागा पाहिजे. वासाने जीव नकोसा झालाय, हाकला एकदाचं.

"तसं काय नाय हो," मालन म्हणाली. सोडे मोजून दिले, पाटी डोक्यावर घेतली. लिफ्टमधल्या माणसाने जिन्याकडे बोट केलं. म्हावऱ्याची पाटी लिफ्टमध्ये चालत नव्हती. ते नेहमीचंच. आज मात्र उतरताना पायऱ्या संपेनात.

मांडवात बसायची पाळी नसलेल्या बायकाही जमल्या होत्या. मनमोहनभाऊ कपाळ चोळत उभे.

"आता साहेब म्हणणार, लोक खुशीत आहेत. काय उत्तर देऊ? वहिनी, एक मिनिट रडायचं होतं हो. एक मिनिट."

"तिला कशाला बोलता?" राधाबाई म्हणाली, "मी हसवलं तिला."

"हसवायला तुम्हाला हीच वेळ सापडली?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "नेम हिचा, जागा आमची." मालनला आवाज ओळखू आला, पण तिने मान वळवली नाही. तिने बोंबलाची पाटी पुढे ओढली. हात आपले आपण चालत राहिले. त्यातल्या एकाचा दात नखाखाली गेला, रक्त आलं, मिठात मिसळलं.

तेव्हा रुपाली उठली. मालनची सून, वरळीची मुलगी, बारावी झालेली, बोलायला हुशार, आणि लग्नाला अजून दोन वर्षंही झालेली नव्हती. ती सरळ हितेंद्रसमोर गेली. तो बिचारा मांडवाच्या कडेला मान खाली घालून उभा होता, माफी मागायला आलेला.

"दादा, चालू करा."

"ताई, नको आता..."

"चालू करा म्हणते ना."

ती पत्र्याला टेकून बसली. बोलायला लागली. सासूची जागा, तिच्या सासूची जागा, उपटलेले बांबू, भरून येणारी होडी आणि कुजणारं म्हावरं. आवाज सरळ होता. मग ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंचं कालचं हसणं सगळ्यांनी बघितलं. ती बाई पहाटे तीनला उठते. तिचे हात बघा कुणीतरी." आणि तिथं तिचा आवाज फाटला. तोंड दोन्ही हातांनी झाकून ती हमसून हमसून रडली. खोटं नव्हतं त्यात काहीच. मांडवातल्या दोघीतिघींनी आपसूक दर्याकडे पाहिलं.

मालनही पाहत होती. "गप, रुपाली," तिला म्हणायचं होतं, "राकेश बाहेर हाय." पण मोबाईल चालू होता, आणि तिच्या एका बोलण्याने पुन्हा जागा जायची. तिने पुढचा बोंबील उचलला.

*

शनिवारी सकाळी मोठी चॅनेलं आली. रुपालीचं रडणं सगळीकडे गेलं होतं. छत्रीसारखी तबकडी डोक्यावर घेतलेल्या दोन गाड्या रस्त्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. मनमोहनभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला. जो तो विचारी, रडलेल्या ताई कुठे आहेत? रुपालीला पत्र्यापाशी बसवून पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. तिच्या ओठांना कोरड पडली. "ताई, कालच्यासारखं," एकाने सांगितलं.

"कालचं काल झालं," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी होडी आली नाही. दुसऱ्या दोन आल्या. त्यांवरच्या माणसांना विचारलं तर म्हणाले, पहिल्या दिवशी दिसली होती, नंतर नाही. वायरलेसवरही उत्तर येईना. दिवेलागणीला मालन घरी गेली, करवंटीत तेल घातलं, वात पेटवून एकवीरेपुढे ठेवली. रुपाली दारात उभी होती. आत यावं की नाही, असं तिचं झालेलं. दोघींनी केसांचे अंबाडे घट्ट बांधलेले.

"आई, येतील ना?"

"जेवून घे."

रविवारी वारा पडला. दर्या तेलासारखा सपाट झाला, आणि ते जास्तच भयाण वाटत होतं. धक्क्यावरची माणसं आपापसांत हळू बोलत आणि मालन जवळ आली की बर्फाच्या भावाविषयी बोलायला लागत. दोन होड्या शोधायला गेल्या. मांडवात नवीन नवीन लोक येत होते. कुणी पाण्याच्या बाटल्या आणल्या, कुणी फोटो काढून घेतले. रुपाली सगळ्यांशी बोलत होती, पण डोळे सासूच्या तोंडावर. एकदा ती पाणी घेऊन आली.

"आई, घोटभर तरी घ्या. सकाळपासून..."

मालनने तांब्या घेतला नाही. तिच्या मनात ते कालपासून होतं. तिने ते दाबून धरलं होतं, देवीला सांगितलं होतं की हे माझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. पण आलंच.

"तू रडलीस," ती म्हणाली.

मोठ्याने नाही. रुपालीलाच ऐकू गेलं. तिने तांब्या खाली ठेवला, पदर खोचला, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बोंबील जोडायला बसली. चॅनेलवाल्यांनी हाका मारल्या तरी उठली नाही. मालनला वाटलं, उठावं, तिच्यापाशी जावं. पाय उचलेनात. बोललेला शब्द, तो काय बोंबील आहे की दोरीवरून काढून घ्यावा?

त्या संध्याकाळी करवंटीतला दिवा लावताना तिच्या तीन काड्या विझल्या.

*

सोमवारी साहेब आले. पांढरी गाडी, मागे दोन माणसं, पुढे सगळे कॅमेरे. साहेबांनी पत्र्याची कडी उघडायला लावली, आत डोकावले.

"आत तर काहीच नाही," ते म्हणाले.

"काढून टाकलंय ना साहेब," मनमोहनभाऊ म्हणाले.

"वापराचा काही पुरावा? काही नोंद?"

मनमोहनभाऊ कागद चाळायला लागले. तेवढ्यात धक्क्यावरून ओरड आली. आधी कुणाचं काही कळेना. मग राधाबाईने कानावर हात ठेवून ऐकलं आणि तिच्या तोंडचा विडा खाली पडला.

"मालन! तुजी होडी गो! ओढून आणतायत!"

मांडव उठला. साहेब, कॅमेरे, पत्रे सगळं जिथल्या तिथं टाकून बायका धावल्या. मालनला आपण कधी पोचलो ते कळलं नाही. शोधायला गेलेल्या होडीच्या मागे दोराला बांधून त्यांची होडी येत होती, पाण्यात इतकी खाली बसलेली की काठ दिसेना. मशीनच्या पंख्यात जाळं गुंतलं होतं, बॅटरी बसली होती. पुढे भिवा उभा होता, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. राकेश पाण्यातच उतरला.

"भरलीय," भिवा वरून ओरडला. घसा बसलेला. "बोंबीलच बोंबील. बर्फ संपला काल. लवकर घ्या गो, नायतर समदं जाईल!"

नवऱ्याला पाहायलासुद्धा वेळ नव्हता. पाट्या भरल्या. सगळ्यांच्या घरच्या बायका आल्या, नेम-जागा बोलणारीसुद्धा आली. डोक्यावर पाट्या, मानेवरून पाठीवर ओघळणारं पाणी, आणि पाय सवयीने जिथे जायचे तिथेच निघाले. कुणी सांगितलं नाही. पुढची बाई पत्र्यापाशी येऊन थांबली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. साहेब कडीपाशी उभे होते. समोर भरल्या पाट्यांची रांग, ठेवायला जागा नाही, म्हणून सगळ्या तशाच उभ्या. मान ताठ, हात पाटीला. पाणी ठिबकून साहेबांच्या बुटांपर्यंत वाहत आलं. कुणी घोषणा दिली नाही. श्वासच नव्हता कुणाला.

"रोज इथेच आणता?" साहेबांनी विचारलं.

"मग कुठं?" मालन म्हणाली.

साहेबांनी बूट मागे घेतले. बाजूच्या माणसाशी बोलले, फोनवर बोलले. निकाल लागेपर्यंत डावीकडचा पट्टा खुला ठेवा, असं सांगून ते गाडीत बसले. पट्टा म्हणजे मैदानाचा जेमतेम पाव हिस्सा. मनमोहनभाऊ चॅनेलपुढे त्याला विजय म्हणाले. चार पत्रे निघाले, बांबू पुन्हा उभे राहिले, आणि दोऱ्या भरल्या तेव्हा अर्धं म्हावरं अजून पाट्यांतच होतं. ते ऊन चढल्यावर वास मारू लागलं, आणि खताच्या टेम्पोत गेलं. टेम्पो भरताना भिवा तिकडे पाहत नव्हता.

*

दुपारनंतर ज्यांचे ज्यांचे लोक परत आले होते त्या बायकांनी न्हाऊन केस सोडले. राकेश जेवून मांडवातच आडवा झाला होता, तोंडावर टोपी. रुपाली मात्र खुल्या पट्ट्यात एकटीच दोरीपाशी. अंबाडा तसाच घट्ट. नवऱ्याला तिने जेवायला वाढलं होतं, त्याच्याशी बोलली होती. सासूकडे पाहिलं नव्हतं.

मालन घरून खोबरेल आणि फणी घेऊन आली. सुनेच्या मागे बांबूच्या ओंडक्यावर बसली.

"बस खाली."

"काम हाय आई."

"बस म्हणते ना."

रुपाली बसली. मालनने अंबाड्याची गाठ सोडली. पाच-सहा दिवसांचे केस, घामाने आणि खारट वाऱ्याने चिकटलेले.

"पंख्यात जाळं अडकलं," मालन म्हणाली. "मशीन हाय ते. त्याला काय कुणाचं रडणं कळतंय?"

"तवा का बोललात मग?"

मालनने तेलाची बाटली उघडली. तिने ओंजळीत तेल घेतलं, सुनेच्या टाळूवर घातलं. बोटं चिरलेली, तेल झोंबत होतं. ती हळूहळू चोळत राहिली.

तेवढ्यात हितेंद्र आला. बाकीच्या गाड्या केव्हाच दुसरीकडे निघून गेल्या होत्या, हा तेवढा राहिला होता. काठी पुढे करून तो रुपालीसमोर उकिडवा बसला.

"ताई, शेवटची एकच बाइट. पट्टा मिळाला, होडी आली. आज आनंदाचे अश्रू, काय?"

"आज नाय," रुपाली म्हणाली.

"दोन शब्द तरी."

ती दोन शब्द बोलू लागली. पट्टा पुरत नाही म्हणाली, पुढचे पत्रेही निघाले पाहिजेत म्हणाली. आवाज सरळ, डोळे कोरडे. मागे फणी चालायची थांबली होती. मालनने कपाळ सुनेच्या केसांत टेकवलं होतं, आणि इतक्या दिवसांचं, कदाचित आई वारली त्या दिवसापासूनचं पाणी, आवाज न करता त्या तेलकट केसांत उतरत होतं. होडी धक्क्याला बांधलेली होती. आता कुणाला ऐकू गेलं तरी चालणार होतं.

हितेंद्रला तिचा खांदा हललेला दिसला असावा. त्याने काठी जराशी मालनच्या बाजूला वळवली.

रुपालीच्या मानेवर ओलं लागलं. बोलणं न थांबवता ती थोडी मागे सरकली, ताठ बसली, आणि मोबाईलमध्ये फक्त तिचंच कोरडं तोंड दिसत राहिलं.